दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरचा कोळसा

खंडे सरकतात हा विषय वर्गात निघाला की पुरावा म्हणून एक वाक्य आपण सगळेच सांगतो. ग्लोसॉप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका या पाचही ठिकाणी सापडतात. म्हणजे हे भूभाग एकेकाळी जोडलेले होते. वाक्य खरे आहे. पण एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, त्या झाडाचे बी वाऱ्याबरोबर किंवा पाण्यावर तरंगत गेले नसेल कशावरून?" दुसरा विचारतो, "अंटार्क्टिकात कोळसा सापडतो, म्हणजे ते तेव्हा विषुववृत्तावर होते का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्या प्रश्नावर तर शास्त्रज्ञांचाही अर्धशतकभर वाद चालू होता. त्याचे उत्तर एकट्या पानात नव्हते. ते खडकांच्या थरांच्या क्रमात होते आणि हा क्रम तुकड्यातुकड्याने, उलटसुलट हाती लागत गेला.

अंटार्क्टिकाचा सुमारे ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे. खडक पाहायला मिळतो तो मुख्यतः पर्वतांच्या उघड्या कड्यांवर. त्यांतील सर्वांत मोठी रांग म्हणजे ट्रान्सअंटार्क्टिक पर्वत. रॉस समुद्रापासून वेडेल समुद्राच्या दिशेने ती सुमारे ३,५०० किलोमीटर पसरली आहे. येथे माती नाही, गवत नाही, झाड नाही. त्यामुळे कड्यावरचे थर दुरूनही पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक दिसतात. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरही उन्हाळ्यात असे आडवे पट्टे दिसतात. मात्र तेथील पट्टे लाव्हाचे आहेत, येथील बहुतेक वाळूचे आणि गाळाचे.

हे पट्टे भूवैज्ञानिकाच्या नजरेने प्रथम पाहिले ते हार्टली फेरार याने. रॉबर्ट स्कॉटच्या पहिल्या, म्हणजे १९०१ ते १९०४ च्या 'डिस्कव्हरी' मोहिमेतला हा तरुण भूवैज्ञानिक. आज त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिमनदीवर त्याने १९०३ साली काम केले. फिकट पिवळसर वालुकाश्माचे जाड आडवे थर आणि त्यांच्यामध्ये घुसलेले काळ्या अग्निज खडकाचे पट्टे त्याने नोंदवले. वालुकाश्माला त्याने 'बीकन वालुकाश्म' असे नाव दिले. त्यात काही ठिकाणी काळ्या, कोळशासारख्या रेघा होत्या आणि त्यांत वनस्पतींचे अवशेष होते. पण ते इतके करपलेले होते की कोणत्या वनस्पतीचे, हे सांगता येईना. दगड लंडनला गेले आणि संग्रहात पडून राहिले.

पुढचा दुवा अर्नेस्ट शॅकल्टनच्या मोहिमेचा. १९०८ च्या डिसेंबरात शॅकल्टन आणि त्याचे तीन साथीदार बियर्डमोअर हिमनदी चढून ध्रुवाकडे निघाले होते. १७ डिसेंबरला हिमनदीच्या माथ्याजवळ फ्रँक वाइल्ड वाट पाहण्यासाठी शेजारचा डोंगर चढला आणि परतताना दगडी कोळसा घेऊन आला. वालुकाश्मात कोळशाचे एकावर एक अनेक थर होते. काही बोटभर, काही पुरुषभर जाड. हे चौघे पुढे ८८ अंश २३ मिनिटे दक्षिण अक्षांशापर्यंत गेले आणि अन्न संपत आल्याने ध्रुव सुमारे १८० किलोमीटरवर असताना मागे फिरले. कोळशाचे तुकडे मात्र त्यांनी आणले.

आता कोळसा मिळाला म्हटल्यावर प्रश्न सुटला असे वाटेल. पण कोळसा हे वयाचे प्रमाणपत्र नव्हे. इंग्लंड-जर्मनीतील कोळसा कार्बोनिफेरस काळातला, तर भारत व ऑस्ट्रेलियातील मोठे साठे त्यानंतरच्या पर्मियन काळातले, सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचे. त्याहून कितीतरी अलीकडचा कोळसाही जगात आहे. शॅकल्टनच्या मोहिमेतले ज्येष्ठ भूवैज्ञानिक एजवर्थ डेव्हिड यांनी ऑस्ट्रेलियाच्या हंटर खोऱ्यातील कोळशाचे थर स्वतः शोधून काढले होते. वाइल्डचा कोळसा कोणत्या कुळातला, हे त्यांच्याइतके जाणून घ्यायची उत्सुकता क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. पण त्यासाठी ओळखू येईल असे निदान एक पान हवे होते.

सोळा किलो दगड

ते पान स्कॉटच्या दुसऱ्या मोहिमेत मिळाले. १७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एडगर इव्हान्स ध्रुवावर पोहोचले. ॲमुंडसेन त्यांच्या आधी महिनाभर तेथे येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर ८ फेब्रुवारीला ते बियर्डमोअरच्या माथ्याशी, माउंट बकलेच्या पायथ्याला आले. वारा पडला होता, ऊन होते. हिमनदीने डोंगरावरून ओढून आणलेल्या दगडांचा ढीग, म्हणजे हिमोढ, समोर होता. डॉक्टर, चित्रकार आणि प्राणिशास्त्रज्ञ असलेल्या एडवर्ड विल्सनने तेथे कोळशाबरोबरच पानांचे स्वच्छ ठसे असलेले दगड गोळा केले. वरच्या कड्यावर वालुकाश्माचे थर आणि त्यांतल्या कोळशाच्या रेघा दिसत होत्या.

त्यानंतर नऊ दिवसांनी इव्हान्स गेला, मार्चमध्ये ओट्स गेला, आणि महिन्याच्या अखेरीस उरलेले तिघे तंबूतच संपले. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला तंबू सापडला, तेव्हा घसरगाडीवर ते दगड तसेच होते. वजन ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो. हे ओझे टाकले असते तर माणसे वाचली असती का, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तो वाद फारसा अर्थपूर्ण वाटत नाही. अन्न आणि इंधन कमी पडले होते, हिमदंशाने पाय निकामी झाले होते आणि त्या वर्षीचा मार्च नेहमीहून अधिक थंड होता. सोळा किलोंनी त्यात फार मोठा फरक पडला असता असे दिसत नाही. एवढे मात्र खरे की वाटेत बरेच सामान टाकूनही त्यांनी दगड टाकले नाहीत.

केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ए. सी. सिवर्ड यांनी ते तपासून १९१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पाने ग्लोसॉप्टेरिस इंडिकाची होती.

येथे 'इंडिका' हे नाव आपल्याला थांबवते. ग्लोसॉप्टेरिस म्हणजे जिभेच्या आकाराचे नेचे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रोंन्यार याने १८२८ साली भारत आणि ऑस्ट्रेलियातील नमुन्यांवरून हे नाव ठेवले. पुढे ही वनस्पती नेचे नसून बी धरणारे झाड होते असे ठरले आणि दक्षिण आफ्रिकेच्या एडना प्लमस्टेड यांनी १९५२ साली पानांना चिकटलेले फलावयव दाखवले. पण नाव कायम राहिले. आपल्याकडे नागपूरजवळच्या कामठी परिसरातून रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी ही पाने जमवली आणि १८६१ साली बनबरी यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय याच हिस्लॉपांच्या नावाचे. कामठीवरून तर खडकांच्या एका अख्ख्या गटाला 'कामठी' हे नाव मिळाले आहे. तेव्हा विदर्भातील शिक्षकांना अंटार्क्टिकाची ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

पान पुरेसे का नव्हते

सर्वसाधारण समजूत अशी, की स्कॉटच्या दगडांनी खंडवहन सिद्ध झाले. तसे झाले नाही. ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ सालीच या दक्षिणी भूभागांना मिळून 'गोंडवनलँड' म्हटले होते. गोंड लोकांच्या प्रदेशावरून आलेले 'गोंडवन' हे नाव त्यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून घेतले. पण झ्यूस यांच्या मनातले गोंडवन जागचे हलणारे नव्हते. भूभाग आज आहेत तेथेच होते, त्यांच्या मधली जमीन समुद्रात खचली, असे त्यांचे म्हणणे. स्कॉटचे पान या मताशी उत्तम जुळत होते! बुडालेल्या जमिनीवरून झाडे पसरली, की झाले.

योगायोग असा, की ६ जानेवारी १९१२ रोजी, स्कॉट ध्रुवापासून काही दिवसांच्या अंतरावर असताना, फ्रँकफर्ट येथे आल्फ्रेड वेगेनर या हवामानशास्त्रज्ञाने आपली खंडवहनाची कल्पना प्रथमच जाहीरपणे मांडली. स्कॉटला वेगेनर माहीत नव्हता, वेगेनरला ते दगड माहीत असणे शक्यच नव्हते. वेगेनरने पुढे एक चांगला दाखला दिला. वर्तमानपत्राचे फाटलेले तुकडे नुसते कडेने जुळले तर तो योगायोग असू शकतो. पण छापलेल्या ओळी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरळ पुढे जात असतील, तर ते एकाच कागदाचे तुकडे आहेत यात शंका उरत नाही.

पान म्हणजे एक शब्द होता. ओळ म्हणजे थरांचा क्रम.

भारतात ही ओळ तोवर बरीचशी वाचून झाली होती. १८५६ साली ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी ओरिसातील तालचेर येथे कोळशाच्या थरांखाली एक चमत्कारिक थर पाहिला. बारीक चिखलात मोठमोठे गोटे विखुरलेले. वाहते पाणी गोटे आणि चिखल निवडून वेगळे करते. असे मिश्रण बर्फच टाकून जाऊ शकते, असे त्यांना वाटले. उष्ण भारतात बर्फ? अनेकांनी मान डोलावली नाही. मग १८७५ साली फ्रान्सिस फेडन यांनी चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागातील, पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळचा पुरावा प्रसिद्ध केला. तेथील गोट्यांवर ओरखडे होते, इतकेच नव्हे तर त्यांच्याखालच्या चुनखडकाचा पृष्ठभागही घासून ओरखडलेला होता. बर्फ त्यावरून सरकत गेले होते. या गोट्यांच्या थरावर कोळशाचे बराकर खडक, आणि चंद्रपूर-वणी भागात त्यांच्यावर कामठीचे वालुकाश्म. खाली बर्फ, वर कोळसा.

दक्षिण आफ्रिकेच्या ॲलेक्स द्यु टॉइट यांनी हाच क्रम आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत थरानुथर ताडून पाहिला आणि १९३७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. अंटार्क्टिका हा या कोड्यातला मधला तुकडा. पण त्याच्यावरची ओळ अर्धीच वाचलेली होती. स्कॉट आणि शॅकल्टन यांना दिसले ते मधले पान. कोळशाखाली काय आहे, हे कोणी पाहिले नव्हते. लॉरेन्स गुल्ड यांनी १९२९ साली क्वीन मॉड पर्वतात कोळसा पाहिला, तोही मधल्याच पानावरचा.

फेरारच्या दगडांचेही याच सुमारास काही झाले. डब्ल्यू. एन. एडवर्ड्स यांनी ते पुन्हा तपासले आणि १९२८ साली कळवले की त्यांत ग्लोसॉप्टेरिसचे तुकडे आहेत. म्हणजे विल्सनने पान उचलण्याच्या सात-आठ वर्षे आधीपासून ते लंडनमध्ये होते.

खालून वर

उरलेली ओळ वाचली गेली ती आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षानंतर, म्हणजे १९५७-५८ नंतर, विमाने आणि यांत्रिक वाहने आल्यावर. अमेरिकेच्या विल्यम लाँग यांना ओहायो पर्वतरांगेत ग्लोसॉप्टेरिस आणि कोळसा सापडला, आणि त्याखाली तोच ओळखीचा गोट्यांचा हिमजन्य थर! बियर्डमोअरच्या परिसरात न्यूझीलंडच्या ग्रिंडली यांनी १९६३ मध्ये आणि पुढे पीटर बॅरेट यांनी सगळा क्रम लावला. तो खालून वर असा वाचायचा.

तळाशी प्राचीन, झिजून सपाट झालेला खडक. त्यावर काही ठिकाणी डेव्होनियन काळातला स्वच्छ वालुकाश्म. मग 'पगोडा' नावाचा हिमजन्य थर: चिखल, गोटे, ओरखडे, सगळे आपल्या तालचेरसारखे. त्यावर 'मकेलर' हा काळसर शेल. बर्फ वितळले, खोलगट भागात पाणी साचले, आणि त्या शांत पाण्यात बारीक गाळ थराथराने बसला. त्यावर 'फेअरचाइल्ड' हा वालुकाश्म. पाणथळ गाळाने भरत आली आणि नद्या वाळू घेऊन तिच्यावरून वाहू लागल्या. मग 'बकले', स्कॉटचा डोंगर ज्या खडकांचा आहे तो थरसमूह. यात वालुकाश्म, शेल आणि कोळसा यांची पुन्हा पुन्हा आवर्तने आहेत. नदीने पात्र बदलले की जुन्या पात्राच्या वाळूवर पुराचा चिखल बसे, चिखलावर दलदल होई, दलदलीत झाडपाला साचून कुजका जाड थर बने, आणि नदी पुन्हा तिकडे वळली की त्यावर वाळूचे झाकण पडे. त्या कुजक्या थराचाच पुढे कोळसा झाला.

कोळशाच्या थरांखालच्या चिखलात अनेक ठिकाणी ग्लोसॉप्टेरिसची मुळे जागच्या जागी आहेत. त्यांचे नाव व्हर्टेब्रारिया, कारण ती मणक्यांच्या माळेसारखी दिसतात. मुळांत हवेच्या पोकळ्या आहेत. पाण्याने चिंब जमिनीत वाढणाऱ्या झाडाला त्या उपयोगी पडतात. झाडे वाहून आली नव्हती, तेथेच उगवली होती.

बकलेच्या वर 'फ्रीमाव' हे ट्रायॅसिक काळाचे खडक लागतात. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात ग्लोसॉप्टेरिसची अरण्ये संपली. फ्रीमावच्या खालच्या भागात कोळसा नाही. जगात इतरत्रही या काळात कोळसा जवळजवळ मिळत नाही. बऱ्याच वरती, दुसऱ्याच वनस्पतींच्या सोबतीने तो पुन्हा दिसू लागतो.

हा क्रम भारतातल्या क्रमाशी ताडताना एक सावधगिरी हवी. पायऱ्या सारख्या आहेत, पण घड्याळ सगळीकडे एकच वेळ दाखवत नाही. आपल्याकडचा मुख्य, बराकर कोळसा पर्मियनच्या पूर्वार्धातला. बकलेचा बराचसा कोळसा उत्तरार्धातला, आपल्या राणीगंजच्या वरच्या थरांच्या जवळचा. गोंडवन ध्रुवावरून सरकत होते, त्यामुळे बर्फ सगळीकडून एकाच वेळी हटले नाही. हा थोडा मागेपुढेपणा खंडवहनाच्या विरोधात जात नाही. उलट जमीन हलत होती असे मानले तरच तो नीट समजतो.

आता दुसऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न. अंटार्क्टिका तेव्हा विषुववृत्तावर नव्हते. चुंबकीय अभ्यासानुसार बकलेचा प्रदेश पर्मियनच्या अखेरीस ८० ते ८५ अंश दक्षिण अक्षांशावर होता, म्हणजे आजच्याइतकाच ध्रुवाजवळ. कोळशाला उष्णता लागते हा समज चुकीचा आहे. त्याला लागते दलदल: भरपूर वाढ, आणि त्याहून सावकाश कुजणे. आजही जगातले फार मोठे पीटचे साठे सायबेरिया आणि कॅनडासारख्या थंड प्रदेशांत आहेत. फरक एवढाच की तेव्हा ध्रुवावर बर्फाची टोपी उरली नव्हती आणि वर्षातले काही महिने अंधार असूनही अरण्य उभे होते. माउंट अकर्नार येथे अशा अरण्याचे अश्मीभूत बुंधे जागच्या जागी आहेत. १९९२ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वार्षिक वलये काही मिलिमीटर रुंद आहेत आणि वलयाच्या शेवटचे दाट लाकूड अगदी थोडे आहे. झाडे उन्हाळाभर झपाट्याने वाढत आणि मग एकाएकी थांबत. उजेड संपला की वाढ संपली.

आणि पहिल्या विद्यार्थ्याचा प्रश्न? बी वाऱ्याने गेले असेल, हे एकट्या पानाबद्दल म्हणता येते. हिमजन्य थर वाऱ्याने जात नाही. तरीही शंका उरली असेल तर, १९६७ साली बॅरेट यांना ग्रॅफाइट पीक येथे एका उभयचर प्राण्याच्या जबड्याचा तुकडा सापडला. १९६९ साली एडविन कोल्बर्ट आणि सहकाऱ्यांना कोलसॅक ब्लफ येथे लिस्ट्रोसॉरसची हाडे मिळाली. हा डुकराएवढा, दोन सुळ्यांचा, जमिनीवर राहणारा प्राणी. त्याची हाडे दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्या राणीगंजजवळच्या पंचेत खडकांतही मिळतात, आणि तेथेही कोळशाच्या वरच्याच थरांत. तोपर्यंत सागरतळाच्या चुंबकीय पट्ट्यांमुळे बहुतेकांची खात्री पटलेली होती, हे खरे. पण जमिनीवरची ओळ आता सलग वाचता येत होती.

फेरारने पाहिलेल्या काळ्या पट्ट्यांची गोष्ट राहिली. तो डोलेराइट. सुमारे १८.३ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन फुटू लागले तेव्हा वितळलेला खडक गाळाच्या थरांमध्ये पाचरीसारखा घुसला आणि थिजला. त्याच्या आचेने आजूबाजूचा कोळसा भाजून निघाला. पुष्कळ ठिकाणी त्याचा अँथ्रासाइट झाला, काही ठिकाणी ग्रॅफाइटसारखा पदार्थ. फेरारला पाने ओळखता आली नाहीत, त्यालाही हेच कारण असावे. झरियातल्या खाणीत अग्निज खडकाच्या शेजारी असाच भाजलेला कोळसा मिळतो. खाणकामगार त्याला 'झामा' म्हणतात.

हा सगळा कोळसा कोणी काढत नाही आणि काढणारही नाही. १९९१ साली माद्रिद येथे झालेल्या आणि १९९८ पासून लागू असलेल्या करारान्वये अंटार्क्टिकात वैज्ञानिक संशोधनाखेरीज खनिजांना हात लावण्यास बंदी आहे. भारतही या करारात आहे. आपले 'भारती' हे केंद्र २०१२ पासून पूर्व अंटार्क्टिकात प्रिझ उपसागराच्या काठी आहे. तेथून आत, प्रिन्स चार्ल्स पर्वतात, बीव्हर सरोवराजवळ पर्मियन कोळशाचे थर एका खचदरीत बसले आहेत. गोंडवनाचा नकाशा पुन्हा जुळवला, की ती खचदरी ओरिसातल्या महानदीच्या खोऱ्यासमोर येते, ज्या खोऱ्यात तालचेर आहे.